माझ्या नंदीची गाडी

मी इयत्ता चौथीत शिकतो. आमचे गाव केळापूर. येथे देवीचे मोठे मंदिर आहे. पांढरकवडा जवळच आहे.

२०२५ च्या राखीला नागपूरचे मामाजी आले. त्यांनी मला रिमोटची गाडी आणली. लहान नाही, हातभर लांब! चार जाड टायर, स्प्रिंगा आणि चार्जिंगची बॅटरी. गावातले सगळे पोट्टे आमच्या अंगणात जमा झाले होते.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुले लाकडी नंदी सजवून तोरणाखाली नेतात. मग घरोघरी बोजारा मागतात. गुरुजींनी सांगितले की हा सण नागपूरच्या दुसऱ्या रघुजी राजे भोसल्यांनी सुरू केला असे म्हणतात. ते १८१६ साली वारले. म्हणजे सण दोनशे वर्षांपेक्षा जुना झाला.

आमच्या घरी सागवानाचा नंदी आहे. बाबा दुसरीत होते तेव्हा आबाजींनी तो त्यांच्यासाठी केला. वाण्याच्या काट्यावर तो साडेतीन किलो भरला. यंदा उन्हाळ्यात आबाजींनी बैलजोडी विकली. आता ट्रॅक्टर सांगतात. पोळ्याला आपल्या घरची जोडी जाणार नाही म्हणून आबाजी कोणाशी जास्त बोलत नव्हते. मी ठरवले, आपला नंदी तरी जाईल, आणि दोरीशिवाय चालेल.

मी नंदीची चाके काढली आणि त्याला सुतळीने गाडीवर बांधले. बटण दाबले. स्प्रिंगा पार बसल्या, गाडीचे पोट जमिनीला घासू लागले. तरी मी जोरात पुढे आणि लगेच मागे केले. कट्ट आवाज झाला. गाडी उलटली आणि नंदीचे डावे शिंग तुटले.

घरी कोणी नव्हते. मी शिंग डिंकाने चिकटवले, वरून बेगड लावली. दोन दिवस मला जेवण गोड लागले नाही. तिसऱ्या दिवशी आबाजी नंदीला पुसायला बसले आणि शिंग त्यांच्या हातात आले. ते म्हणाले, "बैल तं गेलेच, आता हाही मोडला का रे?" मला रडूच आले. मी सगळे सांगून टाकले.

मार बसेल असे वाटले होते. पण ते मला गोठ्यात घेऊन गेले. तेथे आमची बंडी उभी आहे. म्हणाले, "पाय, चाकं इतकी दूरदूर काहून असतात? जवळ असली तं वळणावर बंडी उलटते. अन् ओझं आसावर तोलून ठेवा लागते. तू तं बैलाले पार उंच बसवलं." मी रोज त्या बंडीवर खेळतो, पण हे कधी पाहिलेच नव्हते.

मग आम्ही दोघे कामाला लागलो. गाडीचा मागचा आस काढला. सायकल दुकानातून तेवढ्याच जाडीची, पण चार बोटे लांब लोखंडी सळई आणली. त्यामुळे मागची चाके दूर गेली. पुढची प्लॅस्टिकची पट्टी तडकली होती. तिला फुटक्या जर्मनच्या ताटाची पट्टी कापून दोन्हीकडून स्क्रूने कसली. स्प्रिंगांत ट्यूबच्या रबराचे तुकडे घातले. आत एक दातांचे चाक असते, त्याचे दात झिजून गेले होते. ते घरी कसे करणार? पांढरकवड्याला एका दुरुस्तीच्या दुकानात मोडक्या खेळण्यांचा डबा होता. तीन चाके बसली नाहीत, चौथे बसले. मला मोठी बॅटरीही पाहिजे होती. दुकानातले दादा म्हणाले, "जोर वाढेल, पण दात पुन्हा जातील, मोटरही जळेल." मग राहू दिली. आबाजींचे पाहून मी बंडीचे वंगण दातांनाही फासले, ते मात्र चुकले. त्याला माती चिकटली आणि सगळे पुसावे लागले.

आबाजींनी नंदीला खाली, मागच्या आसाजवळ पाटीवर बसवले आणि शिंगात खिळा ठोकला. ते शिंग अजून जरा वाकडेच आहे.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळी पाऊस पडला. नंदी तोरणापर्यंत आपोआप गेला. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या, पोट्टे ओरडत होते. परत येताना काळा गारा चाकांत भरला आणि गाडी थांबली. मग मी दोरीच बांधली. बक्षीस मिळाले नाही. बोजारा एकशे चाळीस रुपये जमला. त्यातून मी लोखंडी दातांचे चाक घेणार आहे.

संध्याकाळी आबाजी म्हणाले, "आण रे ते रिमोट." त्यांनी पूर्ण अंगणभर नंदी फिरवला. वळवताना बटण दाबत होते आणि तोंडाने बैलाला हाकतात तसा आवाजही काढत होते.