उतारशाळेपर्यंतची वाट

वर्धा जिल्ह्यात कापूस वेचणीचे दिवस आले की संध्याकाळचे रस्ते पांढरे होतात. भरलेल्या ट्रॉल्यांतून उडालेला कापूस कडेच्या बाभळींना अडकून राहतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी, एका गावातील मिस्सा आटोपून आम्ही हिंगणघाटच्या बाजूने वर्ध्याकडे परतत होतो. अंधार पडला होता. रस्त्यावर एक ट्रॉली उभी होती. तिला मागचा दिवा नव्हता. दोन तरुणांची मोटारसायकल तिच्यावर नुकतीच आदळली होती.

एक तरुण रस्त्यावर आडवा पडून आक्रोश करीत होता. त्याच्या पायाचे हाड मोडून बाहेर आले होते आणि रक्त वाहत होते. दुसरा एका कडुनिंबाच्या बुंध्याला टेकून बसला होता. "मले काही नाही झालं जी, थोडं पाणी द्या," एवढेच तो म्हणाला. सारी गर्दी आक्रोश करणाऱ्याभोवती जमली होती. आम्हीही तिकडेच धावलो. कोणीतरी १०८ क्रमांकावर फोन केला होता. बसलेल्या मुलासाठी आम्ही पाण्याची बाटली पुढे केली, तेवढ्यात रुग्णवाहिका आली.

गाडीतून एक तरुण डॉक्टर उतरल्या. त्यांनी प्रथम आमच्या हातातील बाटली बाजूला केली. पायाच्या जखमेवर त्यांनी पट्टी घट्ट आवळली आणि लगेच कडुनिंबाखालच्या मुलाकडे वळल्या. त्याची नाडी पाहिली, पोटावर हात ठेवला, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि पायलटला स्ट्रेचर आणण्यास सांगितले. गर्दी खवळली. "मॅडम, आधी याले पाहा ना!" "सलाईन तरी लावा!" असा ओरडा सुरू झाला. सांगावयास लाज वाटते, पण त्या आवाजांत आमचाही आवाज होता. आमच्या झग्याचा मान राखून त्या एवढेच म्हणाल्या, "फादर, दुसरी गाडी बोलावली आहे. ती येईपर्यंत याची पट्टी दाबून धरा. हात काढू नका." आणि दोन-तीन मिनिटांत त्यांची गाडी निघूनही गेली.

कोणीतरी दिलेल्या दुपट्ट्याची घडी करून आम्ही ती जखम दाबून धरली. तो मुलगा आमच्या दंडाला नखे रोवून विचारीत होता, "मले इथंच ठेवून गेल्या का त्या?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. खिशात पवित्र तेलाची डबी होती. ती खिशातच राहिली. दुसरी गाडी आली तेव्हा आमचे हात आखडून गेले होते.

पुढे कळले ते असे. कडुनिंबाखालच्या मुलाची प्लीहा फुटून पोटात रक्त साचत होते. त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. पण तिसऱ्या दिवशी तो गेला. पाय मोडलेला मुलगा वाचला. मग गावात बोलणे सुरू झाले: मरणाऱ्याला नेले आणि जगणाऱ्याला तळमळत ठेवले! ते बोलणे ऐकून आम्ही गप्प राहिलो. त्या मौनाचे शल्य आम्हाला अजून आहे.

वाचकहो, त्यानंतर आम्ही या विषयाची थोडी माहिती करून घेतली. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली आणि तिच्या गाड्यांत डॉक्टर नेमले गेले. परदेशांत हेच काम बहुधा प्रशिक्षित पॅरामेडिक करतात. दोघांपुढचा प्रश्न मात्र एकच: रस्त्यावर किती उपचार करावयाचे आणि किती रुग्णालयासाठी ठेवावयाचे? पायातून वाहणारे रक्त हाताने दाबता येते. पोटात वाहणारे रक्त शस्त्रक्रियेच्या टेबलाखेरीज कोठेही थांबत नाही. ओरडणाऱ्याचा श्वास निदान चालू असतो. शांत बसलेला, पांढरा पडलेला, पाणी मागणारा माणूस अनेकदा अधिक धोक्यात असतो. आणि त्याला पाणी पाजले तर पुढे भूल देताना तेच पाणी श्वासनलिकेत जाण्याची भीती असते.

सलाईनवर आपल्या लोकांची केवढी श्रद्धा! परंतु अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात सुरे आणि गोळ्या लागलेल्या ५९८ जखमींचा अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना सलाईन लगेच दिले त्यांच्यापैकी ६२ टक्के वाचले. शस्त्रक्रियेपर्यंत ज्यांचे सलाईन थांबविले त्यांच्यापैकी ७० टक्के वाचले. रक्तदाब घाईने वाढविला की जमू लागलेली गुठळी सुटते आणि रक्त पातळ होते. डोक्याला मार असेल तर मात्र गणित उलटते, कारण रक्तदाब उतरला की मेंदूची हानी होते. एकाच देहात डोके आणि पोट दोन्ही दुखावले असतील तर काय करावे? कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील २००८ सालच्या अभ्यासात असे आढळले की, पॅरामेडिकना अधिक प्रगत उपचार शिकविल्याने गंभीर जखमींचे मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून कित्येकदा हात आवरून गाडी हाकणे हाच उपचार असतो. बघ्यांना मात्र तो निष्काळजीपणा वाटतो.

सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्वायनस यांचे नीतिशास्त्र शिकलो. विवेक या सद्गुणाच्या अंगांत ते जलद निर्णयशक्तीही गणतात. परीक्षेत आम्ही ते उत्तर व्यवस्थित लिहिले होते. एका निर्णयावर आठवडाभर चर्चा करण्याची आम्हाला सवय. विवेकाला कधी तीन मिनिटेच मिळतात, हे आम्हाला त्या रस्त्यावर उमगले. आणि तो निर्णय त्या क्षणी जे दिसत होते त्यावरून जोखावयाचा असतो. तिसऱ्या दिवशी काय झाले त्यावरून नव्हे.

लूकच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्यावर आम्ही किती प्रवचने दिली असतील! त्याने त्या वाटेवर किती थोडे केले, हे मात्र आमच्या कधी ध्यानात आले नव्हते. तेल, द्राक्षारस, पट्टी, आणि मग जखमीला आपल्या जनावरावर घालून उतारशाळेकडे. वाटेवर त्याने बस्तान मांडले नाही. पुढची शुश्रूषा उतारशाळेत झाली, आणि तिचा खर्चही त्याने उचलला. त्याच कथेत न थांबता निघून जाणारा एक याजकही आहे. आम्ही थांबलो होतो खरे. पण थांबून जो उपचार करीत होता त्याच्यावरच ओरडलो.

काही महिन्यांनी आम्ही त्या डॉक्टरांना शोधून काढले आणि क्षमा मागितली. त्यांनी आमचे ओरडणे मनावर घेतले नव्हते. मृत्यू पावलेल्या मुलाविषयी त्या शांतपणे बोलल्या. मग एकदम थांबून त्यांनी विचारले, "फादर, तो दुसरा मुलगा चालतो का हो?" ज्याला रस्त्यावर ठेवून त्या निघाल्या होत्या, तोच त्यांच्या मनात इतके दिवस राहिला होता. तो किंचित लंगडत चालतो, शेतावर जातो, असे आम्ही सांगितले. त्यांनी डोळे पुसले आणि दुसऱ्याच विषयावर बोलू लागल्या.

आपल्या जिल्ह्यातून आता समृद्धी महामार्ग जातो. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वर्षीच्या जानेवारीत सेलसुऱ्याजवळ पुलावरून गाडी कोसळून जे सात तरुण गेले, ते उद्या डॉक्टर होणार होते. असा प्रसंग आपल्यापैकी कोणापुढेही येऊ शकेल. २०१६ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने आणि २०१९ च्या कायद्यातील दुरुस्तीने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. नाव सांगण्याचीही त्याच्यावर सक्ती नाही. तेव्हा भिऊ नका. १०८ ला फोन करा. वाहते रक्त स्वच्छ कापडाने दाबून धरा. पाणी पाजू नका. मान वाकवून कोणाला उचलू नका. आणि गाडी आली की तिच्यातून उतरणाऱ्याला त्याचे काम करू द्या.

आमच्या धर्मग्रामात श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत आता एक विनंती वाढली आहे. रात्री रस्त्यावर, थोड्या मिनिटांत, एकाला उचलून दुसऱ्याला मागे ठेवणाऱ्यांसाठी ती आहे. ती म्हणताना आमच्या दंडावर ती नखे पुन्हा रुततात.