पासिंग किती?

आम्ही देवनारला राहतो म्हटलं की गावाकडच्या बायका हटकून नाकाला पदर लावतात. त्यांना ठाऊक असतं ते कचऱ्याचं डम्पिंग, नाहीतर कत्तलखाना. पण बसडेपोच्या समोरच टाटा समाजविज्ञान संस्था आहे, हे कितीजणींना माहीत असतं? 1936 साली नागपाड्याला सुरू झालेली ही संस्था 1954 साली देवनारला आली. तिथे ‘मीडिया अँड कल्चरल स्टडीज’ या विषयात एम.ए. करता येतं. अभ्यासक्रम निव्वळ पत्रकारितेचा नव्हे, पण लिहायचं, फिरायचं, माहितीपट करायचं वेड असलेल्या मुलींचा तिकडे फार ओढा. त्यापायीच 2025 सालच्या उन्हाळ्यात आमच्या घरात उठता बसता एकच शब्द होता: कट-ऑफ.

माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी बार्शीहून आमच्याकडे राहायला आली होती. मराठी शाळेत शिकलेली, बी.ए.ला चांगले मार्क, आणि पत्रकारच व्हायचं म्हणून हटून बसलेली. भाऊजींनी निघतानाच बजावलं होतं, “एक वर्ष. यंदा नंबर लागला तर शीक, नाहीतर पुढचं आम्ही बघू.” पुढचं म्हणजे काय, ते मैत्रिणींनो, तुम्हाला सांगायला नकोच. बँकेतल्या एका मुलाचा फोटो ताईच्या मोबाइलमध्ये आधीच येऊन बसला होता.

मार्चमध्ये परीक्षा झाली, मेमध्ये निकाल आला. 300 पैकी 150. तासाभरात भाऊजींचा फोन. “निम्मेच? अगं, पण पासिंग किती?” इकडे सासूबाईंचाही तोच प्रश्न.

खरी गोम इथेच आहे. या परीक्षेत पासिंग नसतंच. आपल्या वेळी 35 मार्कांची रेघ पेपराच्या आधीच मारलेली असायची. ती ओलांडली की पेढे! कट-ऑफची रेघ सगळं झाल्यावर उमटते. जितक्या जागा तितकी मुलं वरून घेत जायची आणि शेवटी जिला जागा मिळाली, तिचे मार्क म्हणजे कट-ऑफ. सासूबाईंना मी रॉकेलच्या रांगेची आठवण करून दिली. पिंप कितव्या डब्याला संपायचं ते आपल्या डब्यावर थोडंच ठरायचं? पिंप केवढं आणि पुढे डबे किती, यावर ठरायचं. त्यांना ते चटकन पटलं. भाऊजींना पटायला आठवडा लागला.

कारण भाऊजींच्या हातात कुणीतरी जुन्या वर्षाचा आकडा दिला होता आणि ते तोच घोकत होते. आता 2023 पर्यंत ही संस्था स्वतःची परीक्षा घेत असे. 100 मिनिटांत 100 प्रश्न, आणि चुकलं तरी मार्क कापले जात नसत. पुढे प्रवेश देशभराच्या सीयूईटी परीक्षेतून होऊ लागले. 2025 साली तिथे 75 प्रश्न आणि 90 मिनिटं होती. बरोबर उत्तराला 4 मार्क, चुकलं की 1 वजा. पोरीनं 60 सोडवले, 42 बरोबर आले, 18 चुकले. म्हणजे 168 मधून 18 गेले, राहिले 150. शेराचं माप आणि लिटरचं माप एकाच चिठ्ठीवर लिहून बेरीज करायची का? पेपर पुन्हा इंग्रजी नाहीतर हिंदी, मराठीतून नाहीच.

शिवाय आकडा एक नसतो. खुल्या जागांचा वेगळा, राखीव जागांचा वेगळा. पुढच्या फेरीला बोलावण्याचा एक, शेवटच्या प्रवेशाचा दुसरा. दिल्लीला जागा मिळालेल्या मुली नाव काढून घेतात, की दुसऱ्या यादीत आकडा खाली येतो. पेपर अवघड निघाला तरीही येतो. आणि आमच्या भागातल्या एका क्लासनं तर परीक्षेच्या आधीच ‘अपेक्षित कट-ऑफ’ छापून वाटला होता! त्यापेक्षा पंचांगातला पाऊस बरा.

मी भाऊजींना फोनवर सरळच विचारलं. कुठल्या तरी अनोळखी मुलीनं जागा सोडली तर आपली पोर शिकणार, आणि नाही सोडली तर तिचं लग्न ठरणार, हा कुठला न्याय? लग्न करायचं तर तिला विचारून करा, दुसरीच्या मार्कांवरून नको. पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं रागावले. मग म्हणाले, “अजून कुठे कुठे फॉर्म भरता येतो?”

मग काय, वहीच काढली. पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट, अमरावतीचं भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र (तिथे मराठी पत्रकारिताही शिकवतात, हे आम्हाला तेव्हाच कळलं). प्रत्येक ठिकाणची परीक्षा, तारीख, कागद वेगळे. कागदांवरून एक आठवलं. ओबीसी मुलींच्या आयांनो, केंद्राच्या संस्थेत राज्याच्या नमुन्यातला दाखला चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला, आणि बहुतेक ठिकाणी त्याच वर्षी 1 एप्रिलनंतर काढलेला नॉन-क्रीमीलेयर लागतो. ऐन वेळी तहसील कचेरीत धावाधाव करू नका. भाऊजींनी चार खेपा घातल्या, तेव्हा कुठे हाती आला.

पहिल्या यादीत नाव नव्हतं, दुसऱ्यातही नव्हतं. त्या दिवसांत पोर जेवेना, मोबाइल मात्र उशाशी. तिसऱ्या यादीत लागलं. कुठे, ते मुद्दामच लिहीत नाही, नाहीतर तिथला कट-ऑफ विचारायला तुमचे फोन येतील. बँकेतलं स्थळ तोवर दुसरीकडे जमलं. ताईला त्याची अजून चुटपुट आहे. मला नाही.