चाकाची साक्ष

वस्तू किती जड आहे हे तराजू सांगतो; परंतु ती फिरू लागण्यास किती नाखूष आहे, हे सांगणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. घरच्या झोपाळ्याच्या दोन टोकांना दोन मुले बसवून त्यास उभ्या अक्षाभोवती किंचित पीळ द्यावा. झोपाळा संथपणे उलटसुलट वळू लागेल. तीच मुले मध्यभागी सरकली की त्याचे वळणे जलद होते. वजन तेच, पालटली ती केवळ त्याची मांडणी. या मांडणीवर अवलंबून असणाऱ्या गुणास ऑयलर या गणितज्ञाने आपल्या 1765 सालच्या ग्रंथात नाव दिले. मराठीत त्यास जडत्व-आघूर्ण म्हणतात. दोन समांतर दोऱ्यांना पट्टी टांगून प्रयोगशाळेत तो मोजतात. विमानेदेखील अशीच टांगून, झुलवून मोजली गेली आहेत.

1974 साली बेळगावच्या एका महाविद्यालयात आम्ही शिकत होतो. प्रयोगातील आमचा जोडीदार निपाणीचा होता. त्याची आई तेथील तंबाखूच्या वखारीत कामास जाई. त्याचे शिक्षण नादारीवर चाले, आणि नादारी गुणांवर.

आम्हांस प्रयोग मिळाला तो जड लोखंडी चाकाचा. फ्लायव्हील म्हणत ते हेच. त्याच्या आसावरील खुंटीत दोरीचा फास अडकवायचा, दोरी आसाभोवती गुंडाळायची आणि दुसऱ्या टोकाचे वजन सोडून द्यायचे. वजन जमिनीस टेकण्याच्या क्षणी फास आपोआप निसटतो; चाक मात्र फिरतच राहते. कडेवरील खडूची खूण पाहून, ते थांबेपर्यंतच्या फेऱ्या व वेळ मोजायची. त्या दोन आकड्यांतून दोरी सुटतानाची गती कळते आणि घर्षणाने किती शक्ती खाल्ली तेही निघते. चाक आपल्या थांबण्यातूनच आपला हिशेब देते, ही या प्रयोगाची खुबी.

मागील वर्षांच्या वह्यांतून एक उत्तर पिढीजात चालत आले होते. साऱ्या वर्गाचे उत्तर त्याच्याशी जुळले. आमचे सुमारे एक पंचमांशाने अधिक आले. तीनदा प्रयोग केला, तीनदा तेच. तीस सेकंदांच्या जागी सत्तावीस लिहिले की उत्तर बेमालूम जुळत होते. आम्ही तसे लिहिले. जोडीदाराने लिहिले नाही.

निदर्शकांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. एकच चाक, एकच घड्याळ, मग उत्तरे दोन कशी? त्यांनी त्यालाच निष्काळजी ठरवले आणि त्याचे गुण कापले. त्याने एकवार आमच्याकडे पाहिले. आम्ही खाली पाहत राहिलो.

महिन्याभराने उलगडा झाला. उन्हाळ्याच्या सुटीत जुने चाक काढून तेवढ्याच व्यासाचे, परंतु अधिक जाड कडेचे चाक बसवले होते. साऱ्या वर्गाने तेथे नसलेल्या चाकाचे माप घेतले होते! जोडीदाराचे गुण त्यास परत मिळाले, नादारीही टिकली. आमच्या वहीवरची बरोबरची खूण मात्र कोणी खोडली नाही.

त्या सोमवारी कपिलेश्वराच्या देवळात आम्ही त्याची क्षमा मागितली. त्याने प्रसादाचे खोबरे आमच्या हातावर ठेवले आणि विचारले, “मग ते तीन सेकंद वहीत परत लिहिलास काय?”

ते लिहिणे तेव्हा राहून गेले. वाचकहो, परवा पेटी आवरताना ती वही हाती आली. सत्तावीसच्या आकड्याखाली खोडलेले तीस अद्याप पुसट दिसते. आम्ही लेखणी घेतली आणि त्यावर स्पष्ट अक्षरांत तीस लिहिले. परंतु ज्यास ती वही दाखवावयाची, तो आता निपाणीत नाही आणि या जगातही नाही.