पाठीमागून येणारा वारा

उघड्या मोटारीचा वारा समोरून येतो, अशी एक सार्वत्रिक समजूत आहे. केस उडताहेत, उपरणे फडफडते आहे, असे चित्र आपण मनाशी रंगवतो. वस्तुतः ही कल्पना अशा मोटारीत कधी न बसलेल्यांची. समोरचा वारा समोरची काच अडवते. छळतो तो पाठीमागचा. माझ्या वडिलांना हे पहिल्याच फेरीत उमगले. पेडण्याहून निघून आम्ही धारगळला पोहोचलो नाही, तोच मानेवर हात ठेवून ते म्हणाले, "हें वारें फाटल्यान येता रे!" गाडी मी चालवीत होतो. त्यांचे बोलणे मला ऐकू आले. माझे उत्तर मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचले नाही.

गाडी माझी नव्हे, दादाची. सत्तावीस वर्षे परदेशी नोकरी करून तो परतला आणि आल्या आल्या मुंबईहून एक जुनी, दोनच आसनांची, छप्पर मागे दुमडणारी मोटार घेऊन आला. घरची इतर माणसे बसायची कुठे, हा माझ्या पत्नीचा प्रश्न अगदी रास्त होता. "दोनच आहेत म्हणून तर घेतली," एवढेच दादा बोलला. दर सोमवारी बाबांना नार्व्याला सप्तकोटेश्वराच्या दर्शनाला न्यायचे आणि जाता-येता त्यांच्याशी बोलायचे, असा त्याचा बेत होता. आई गेली तेव्हा तो येऊ शकला नव्हता. त्यानंतर घरात दोघांमध्ये जेवण-खाण, औषधपाणी याखेरीज शब्द होत नव्हता. आईच्या पश्चात आमच्या गोव्याच्या नागरी कायद्याप्रमाणे करावयाची इन्व्हेंटरीसुद्धा मी त्यामुळेच थांबवून ठेवली होती. जे बोलणे बापलेकांत व्हायला हवे, ते कोर्टाच्या कागदावर आधी उमटावे हे मला प्रशस्त वाटेना.

परंतु बाबांचे वय ऐंशीच्या पुढे. डावा कान गेलेला, उजव्या कानात यंत्र. चालक उजवीकडे बसत असल्यामुळे ऐकणारा कान बोलणाऱ्याकडे येतो, एवढीच काय ती अनुकूलता. वारा हा या यंत्राचा वैरी. त्याच्या बारीक छिद्रावरून वारा घासत गेला की तेच घासणे मोठे होऊन कानात गर्जते आणि माणसाचा शब्द त्यात बुडून जातो. छप्पर लावून जावे, तर ती बसकी गाडी बाबांना पेटाऱ्यासारखी वाटे. अशा रीतीने आसनांच्या पाठीमागे वारा अडवणारा पडदा कोणता लावावा, हा प्रश्न आमच्या घरापुढे येऊन उभा राहिला. बाहेरच्या कुणाला तो श्रीमंती चोचला वाटला असता.

वारा पाठीमागून का येतो? समोरच्या काचेवर आपटलेली हवा वर चढून डोक्यांवरून निघून जाते आणि काचेमागे कमी दाबाची एक पोकळी राहते. ती भरून काढण्यासाठी मागची हवा उलटी वळून, दोन आसनांच्या फटीतून आणि खांद्यांवरून मानेवर येते. तिचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ४० किलोमीटरला जी झुळूक, तीच ८० ला चौपट. १९८९ साली मर्सिडीज-बेंझने आपल्या एसएल मोटारीसाठी आसनांमागे उभी करावयाची जाळी काढली, ती याच उलट्या वाऱ्यासाठी.

आमच्यापुढे तीन पर्याय होते. मूळ कंपनीचा पडदा परदेशातून मागवावा लागणार होता, आणि त्याची किंमत ऐकून दादाही गप्प झाला. ॲक्रिलिकचा पारदर्शक तक्ता म्हापशात कापून मिळत होता. दिसायला देखणा, पण खड्ड्यात खडखडणारा, ओरखडे धरणारा आणि मागच्या गाडीचा दिवा रात्री डोळ्यांवर फेकणारा. तिसरा पर्याय लोखंडी चौकटीवर ताणून शिवलेल्या जाळीचा. पुतण्याचे मत तक्त्याकडे होते. छिद्रे असलेली वस्तू वारा कसा अडवील, असे तो विचारी. मी त्याला केरीच्या किनाऱ्यावरचे सुरूचे बन दाखवले. भरीव भिंतीवरून उडी मारलेला वारा भिंतीपलीकडे लगेच गिरकी घेऊन खाली उतरतो; निम्म्या मोकळ्या आडोशातून गाळून आलेला वारा मात्र दमलेला असतो. पावसाळ्यात आपले वाडवडील सोप्याला चुडतांचे विणलेले झाप लावीत, तेही काही हवाबंद नसत.

वकिलाला जाळीआधी कायदा आठवतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातील एका प्रकरणात ते कडकपणे लागू केले. पण 'बदल' म्हणजे वाहनाचे मूळ स्वरूप पालटणारा रचनेतील फरक, असा खुलासा त्याच कलमात आहे. एकही भोक न पाडता पट्ट्यांनी अडकवलेली, हवी तेव्हा काढता येणारी जाळी त्यात बसत नाही, असे माझे मत. १९८९ च्या नियमांतील नियम १०० समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार जावा असे सांगतो. जाळी ही काच नव्हे. तरी चालकाला मागचे दिसले पाहिजे, हा हेतू जाळीलाही बंधनकारक मानावा. म्हणून रंग काळा. पांढरी जाळी उन्हात चकाकते आणि नजर तिच्यावरच अडकते. काळीतून नजर पार जाते.

उंचीचा घोळ बरेच दिवस चालला. पुतण्याने पुठ्ठ्याचा पडदा करून आसनांच्या पाठीला लोकरीचे धागे चिकटवले आणि कोणता धागा कुठे उडतो ते पाहत आम्ही कोलवाळच्या पुलावरून कितीदा तरी गेलो. पडदा कानाच्या पातळीपर्यंत हवा. त्याहून उंच केला तर आरशात पुठ्ठाच दिसे. पण खरा शोध खालचा होता. आसनांमधली फट उघडी राहिली, तर वरचा पडदा कितीही चांगला असो, वारा तिथून घुसतो. डिचोलीच्या एका कुशनवाल्याने त्या फटीपुरता जाड कापडाचा पदर शिवून दिला. मजुरी त्याने इतकी कमी सांगितली की दादाने ती दुप्पट करून दिली. बाजूच्या काचा वर ठेवल्या की काम निम्मे हलके होते, हेही तेव्हाच कळले. त्याला पैसा लागत नाही, म्हणून बहुधा कोणी ते सांगत नाही.

सर्व करूनही ताशी ८० ला काही ऐकू येत नाही. ५० ला येते. त्यामुळे थिवी, अस्नोडा, मुळगाव ही वाट दादा आता ५० नेच काढतो. मागचे लोक भोंगे वाजवतात, वाजवोत बापडे.

देवळात मी त्यांच्याबरोबर नसतो. तिसरे आसनच नाही. वाटेत काय बोलणे होते ते दादाने सांगितले नाही, मीही विचारले नाही. पाचव्या की सहाव्या सोमवारी ते नेहमीपेक्षा तासभर उशिरा आले. बाबांनी कानातले यंत्र काढून हातात धरले, ओसरीवर बसले आणि मला म्हणाले, "ते इन्व्हेंटारीचे कागद काड." दादा तेव्हा गाडीपाशीच होता. अस्नोड्यापासून जाळीचा उजवा कोपरा फडफडत होता म्हणून तो पुतण्याला आणखी एक आकडा बसवायला सांगत होता.