हिवाळ्यातलं गरवणं

पाणी ४४ फॅरनहाइट, म्हणजे सात सेल्सियसला थोडं कमीच. बीव्हर लेक, वायव्य अर्कान्सॉ. या थंडीत बास मासा तोंड उघडत नाही असं म्हणून बहुतेक जण डिसेंबरातच रॉड गुंडाळून ठेवतात. तो खातो. कमी खातो, आणि खाण्यासाठी धावत नाही, एवढंच. अंगाचं तापमान पाण्याइतकंच, त्यामुळे पचन मंद. एक भक्ष्य पोटात गेलं की बरेच दिवस निभावतं. त्याच्यापुढून पळणारं आमिष तो जाऊ देतो. मरायला टेकलेलं मात्र सोडवत नाही.

॰

मरायला टेकलेलं, हे अगदी शब्दशः. थ्रेडफिन शॅड हा इथला बारका चंदेरी मासा, आपल्या तारलीचा दूरचा भाऊबंद. मूळचा उबदार पाण्यातला. पाणी सातच्या खाली घसरलं की त्याचा तोल जातो, पाचच्या आसपास तो मरू लागतो. कुशीवर कलतो, दोनदा थरथरतो, नुसता लटकून राहतो, पुन्हा थरथरतो. सस्पेंडिंग जर्कबेट ही त्याचीच नक्कल. लांबट प्लास्टिकचं आमिष. रॉडच्या टोकाने झटका दिला की डावीकडे, पुन्हा दिला की उजवीकडे वळतं, आणि मग ना बुडतं ना वर येतं. पाच-सहा फूट खोल, जागच्या जागी. झटक्यांनी मासा बघतो; घेतो तो आमिष थांबल्यावर.

किती थांबायचं? पाणी दहा सेल्सियस असेल तर पाचेक सेकंद. पाचवर आलं की पंधरा, वीस, कधी तीस. मनातल्या मनात मोजू नये, बोटं गारठली की मन आकडे गाळतं. घड्याळ बघावं.

॰

खोक्यावर ‘सस्पेंडिंग’ छापलंय म्हणून विश्वास ठेवू नये. २० सेल्सियसच्या पाण्याची घनता ०.९९८, पाचच्या पाण्याची जवळपास १. चौदा ग्रॅमच्या आमिषाला हा फरक साधारण २५ मिलिग्रॅमचा, म्हणजे तांदळाच्या एका दाण्याएवढा. तेवढ्याने ते हळूहळू वर यायला हवं. पण थंडीत प्लास्टिकही आकसतं, आणि ते त्याला खाली ओढतं. दोन्हींची बेरीज कागदावर जमत नाही. त्यामुळे बोटीच्या कडेला, त्याच दिवसाच्या पाण्यात आमिष सोडायचं, दोरीला ढील द्यायची आणि वाकून बघायचं. वर येत असेल तर पोटाला शिशाची चिकटपट्टी, नखाएवढी. पट्टी पुढे सरकवली की नाक खाली जातं. मला नाक किंचित खाली झुकलेलं आवडतं. शॅड मरताना बऱ्याचदा तसाच दिसतो. बुडत असेल तर गळ एक नंबर लहान लावावा.

असली आमिषं बाजारात तयार मिळू लागण्याआधी ओझार्क डोंगरातले लोक तरंगणाऱ्या आमिषाला भोक पाडून आत वजन भरायचे, नाहीतर गळांभोवती शिशाची तार गुंडाळायचे. ही विद्या कारखान्यातून नाही, तळ्यावरून आली.

॰

दोरी फ्लुरोकार्बनची, बारीक, आठ-दहा पौंडी. ती बुडते, नायलॉनची जवळपास तरंगत राहते. विणलेली दोरी पाणी पिते आणि गोठून तार होते.

॰

हॉटेलच्या मेन्यूवरचा सी बास म्हणजे बहुधा आपला जिताडा. त्याचा या बासशी संबंध नाही. लार्जमाउथ, स्मॉलमाउथ, स्पॉटेड हे तिघेही सनफिशच्या कुळातले, या तळ्यात तिघेही आहेत. कडाक्याच्या थंडीत स्पॉटेड आणि स्मॉलमाउथ जास्त हलते असतात, लार्जमाउथ आळशी. मोठा लार्जमाउथ हवा असेल तर वाट बघायची तयारी हवी.

॰

कुठे टाकायचं? या तळ्याचं धरण व्हाइट नदीवर १९६६ साली पूर्ण झालं. नदी पाण्याखाली तशीच वळणं घेत पडलेली आहे. तिचं जुनं पात्र जिथे कड्याला येऊन भिडतं, तिथे बासला चार हात सरकलं की उथळ, चार हात सरकलं की खोल. त्यासाठी त्याला लांब पोहावं लागत नाही. दुपारी ऊन लागलेले दगड आधी बघावेत, उजाडताच येण्याची घाई नको. वरच्या थरात एखाद-दोन अंशांची ऊब सुद्धा पुरते.

॰

थंडीत आमिषाची हालचाल अगदी बारीक हवी, असं सगळे सांगतात. मग विगल वॉर्टचं काय? स्टॉर्म कंपनीचं हे जाडजूड आमिष अक्षरशः झुलत जातं, आणि फेब्रुवारीत खडकाळ काठावर दगडांना आपटत नेलं की इथे मासे देतंच. ते खेकड्याच्या जातभाईची, क्रॉफिशची नक्कल करतं. १९९९ मध्ये रापालाने कंपनी घेतली. त्याआधीचे जुने नग इथले लोक चढ्या भावाने विकत घेतात. नियम शॅडसाठी खरा, दगडासाठी नाही.

॰

हवा शून्याखाली गेली की रॉडच्या कड्यांत बर्फ धरतो. नखाने खरवडू नये, आतली चिनीमातीची रिंग निघून येते. रॉड पाण्यात बुडवावा. पाणी हवेपेक्षा गरमच असतं.

त्याच कारणासाठी मासा बाहेर धरून फोटो काढत बसू नये. कल्ले आणि डोळे गोठतात. गळ पाण्यातच काढावा. तीस फुटांखालून वर आणलेल्या माशाचा वाताशय फुगलेला असतो, त्याला खाली परतता येत नाही. म्हणून खोलवरचे मासे सापडले तरी मी एक सोडून दुसरा काढत नाही, जागा बदलते.

॰

लाइफ जॅकेट कोटावरून. १-१०-१ पाठ असावं: थंड पाण्यात पडल्यावर श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातपाय कामाचे असतात दहा मिनिटं, शुद्ध हरपायला सुमारे एक तास. लोक तासाभराच्या आत बुडतात, कारण पहिलंच मिनिट हातातून जातं. एकटीने जायचं असेल तेव्हा मी काठावरूनच गरवते.

॰

वारा. पाणी काचेसारखं नितळ आणि निवांत असेल तर बास आमिष निरखतो, आणि निरखलं की नाकारतो. थोडी लाट हवी. नैर्ऋत्येकडून दोन दिवस वारं वाहिलं असेल तर ईशान्येच्या काठाकडे जावं. लून पक्षी थंडीत या तळ्यावर उतरतात. ते बुड्या मारत असतील तिथे शॅड असतो, आणि तो किती खोल आहे हे सोनारच्या पडद्यावर दिसतं. वीस फुटांवर असेल तर जर्कबेट ठेवून द्यावं आणि चमचा, म्हणजे धातूचं बुडणारं आमिष, लावावा.