एका रेघेखाली

मोडी लिहायला बसलं की आधी अक्षर येत नाही, रेघ येते. कागदाच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत ती एका दमात ओढायची आणि मग तिच्याखाली, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी, एकेक अक्षर अडकवत जायचं. बाळबोधीत, म्हणजे नेहमीच्या देवनागरीत, आपण आधी अक्षर काढतो आणि मग त्याच्या डोक्यावर रेघ देतो. इथे सगळं उलट. त्यामुळे मोडीच्या वर्गात पहिल्या दिवशी हात सगळ्यांचेच अडखळतात. आठवीतली मुलगी, बँकेतून निवृत्त झालेले काका, नुकतीच वकिलीची सनद मिळालेला तरुण, नातवाला सोडायला म्हणून आलेल्या आणि मग स्वतःच वही मागून बसलेल्या आजी, सगळ्यांच्या रेघा सारख्याच वाकड्या. त्या वाकड्या रेघा बघायला मला मनापासून आवडतं. एवढ्या निरनिराळ्या वयाची माणसं एकाच वेळी अडाणी होऊन शेजारी शेजारी बसल्याचं दुसरीकडे सहसा दिसत नाही.

असे वर्ग कुठे कुठे भरतात! सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, शाळा सुटल्यावर रिकाम्या झालेल्या वर्गात, देवळाच्या सभामंडपात. पुण्यात वि. का. राजवाड्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1910 साली स्थापन केलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ मोडी शिकवतं. राज्याचं पुराभिलेख संचालनालयही प्रशिक्षणवर्ग घेतं. पण माझा जीव अडकलाय तो लहान गावांतल्या बिनपाटीच्या वर्गांत. तिथे फळा वाचनालयाचा असतो, खडू शिकवणाऱ्या सरांचा, आणि सुट्टीतला चहा त्या दिवशी ज्याला आठवेल त्याचा.

शिकायचं तरी कशासाठी, असं नवा माणूस विचारतो. उत्तर कपाटांत आणि रुमालांत बांधून ठेवलेलं आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या कागदांमधून निवड करून गोविंद सखाराम सरदेसायांनी 1930 ते 1934 या काळात 45 खंड काढले, तरी दफ्तराचा फार मोठा भाग बाहेर राहिलाच. तंजावरच्या सरस्वती महालात मराठी राजांच्या कारभाराचे मोडी कागद आहेत. आणि ही झाली मोठी दफ्तरं. कुणाच्या माडीवरच्या पेटीत खरेदीखत असतं, कुणाच्या देवघरात इनामपत्राची सुरळी, कुणाकडे पणजोबांनी पणजीला लिहिलेलं पत्र. घरात शिकलेली माणसं भरपूर, पण ते पत्र वाचता येईल असं कुणीच नाही. हे दुःख लहान नाही.

तशी ही लिपी काही फार लांबच्या काळातली नव्हे. मिशनरी विल्यम कॅरीने 1810 मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला मराठीचा कोश छापला तो मोडी टायपात. पुढे छपाई बाळबोधीत स्थिरावली, हाताचं लिखाण मात्र मोडीतच चालू राहिलं, आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर तिचं शाळेतलं स्थानही गेलं. दोन-तीन पिढ्यांतच दार बंद झालं.

2023 मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, गावोगावच्या जुन्या नोंदवह्या उघडल्या, आणि त्या वाचणारी माणसं किती थोडी उरली आहेत ते सगळ्यांच्या लक्षात आलं. तेव्हापासून वर्गात शेतकरी दिसू लागले. कुणी सातबाऱ्याच्या मागचा इतिहास शोधत येतं, कुणी जातीच्या दाखल्यासाठी, कुणी नुसतं आपल्या गावाचं नाव जुन्या कागदावर कसं दिसतं ते पाहायला.

मोडीचं अक्षर ओळखणं ही निम्मी लढाई. त्यात लहान मुलं सगळ्यांच्या पुढे जातात. काना जोडला की मूळ अक्षराचा आकारच बदलतो, हात न उचलता लिहिल्यामुळे वळणं एकमेकांत शिरतात, शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. मोठ्या माणसांना याचा जाच होतो, कारण शुद्धलेखन त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. मुलांचे डोळे ताजे असतात. ती अक्षर चित्रासारखं धरतात आणि भराभर वाचतात.

पण वाचून झाल्यावर अडतात. एका संध्याकाळी धान्याच्या हिशेबाचा एक पेशवेकालीन कागद सगळ्यांसमोर होता. आठवीतल्या मुलीने तो घडाघडा वाचला आणि पाचाच्या आकड्यापुढच्या तीन उभ्या काड्यांपाशी थांबली. तिच्या वहीत त्या काड्या कुठेच नव्हत्या. सर मुद्दाम गप्प राहिले. मागच्या बाकावर एक आजोबा बसायचे, आयुष्यभर किराणा दुकान चालवलेले. अक्षरांत ते सगळ्यांच्या मागे होते. ते म्हणाले, "अगं बाळ, एक काडी म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. हे पावणेसहा झाले." मग खंडी म्हणजे काय हे तिने विचारलं. वीस मणांची खंडी, हे त्यांच्या तोंडून इतकं सहज आलं की बाकीचे वळून बघायला लागले. कुणीतरी विचारलं म्हणून आजोबांनी पावकी, निमकी, पाऊणकी म्हणून दाखवली, आणि औटकीवर आल्यावर, साडेतीनाचा तो पाढा म्हणताना, त्यांचा आवाज एकदम कोवळा झाला. मुलीने सगळं लिहून घेतलं. त्या दिवसापासून दोघं एका बाकावर बसतात. ती अक्षर सांगते, ते अर्थ सांगतात.

दुसरी गाठ तारखेची. जुन्या कागदांवर सुहूर सन असतो आणि तोही आकड्यांत नाही, अरबी शब्दांत. 'इहिदे सबैन मया व अलफ' असं काहीतरी येतं आणि सगळा वर्ग हताश होतो. पण आमच्यात उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी होते. त्यांनी बोटांवर मोजलं: इहिदे एक, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. म्हणजे 1171. त्यात 599 मिळवा, 1770-71 साल निघालं. महाविद्यालयातला मुलगा मोबाइलवर ताळा करेपर्यंत गुरुजी पुढच्या ओळीवर पोचले होते. सफर, रज्जब, जिल्काद हे महिने तर त्यांच्या रोजच्या ओळखीचे. मराठ्यांचा कागद उलगडायला मराठीच्या पुस्तकाइतकीच त्यांच्या मोहल्ल्यातली भाषाही लागते, हे त्या खोलीत कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

म्हणूनच मला आपली हल्लीची रीत पटत नाही. आपण माणसं वयावारी लावून ठेवली आहेत. मुलांचं उन्हाळी शिबिर वेगळं, तरुणांचं ढोलपथक वेगळं, बायकांचा हळदीकुंकवाचा कार्यक्रम वेगळा आणि सत्तरीच्या पुढच्यांसाठी ज्येष्ठ नागरिक संघाची बाकं वेगळी. यातल्या कशालाच मी नावं ठेवत नाही. पण कीर्तनाला एकाच सतरंजीवर तिन्ही पिढ्या बसत असत आणि लहानग्याला आख्यान कळलं नाही तर शेजारचा सांगत असे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात 1875 मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती तर सगळ्यांसाठी खुली. ती सवय मोडली की ज्ञान पिढीच्या पिढीत अडकून पडतं. आजोबांची औटकी त्यांच्याबरोबर जाते आणि मुलीला वाचता आलेला आकडा मुका राहतो.

मोडी 2014 पासून युनिकोडमध्ये आहे. दूर परदेशी असलेली मराठी मुलं संगणकावर शिकतात, आणि ते चांगलंच आहे. तरी अक्षर अडलं की चार डोकी एका कागदावर वाकतात, आठवीतल्या मुलीची वेणी आणि काकांचा चष्मा एकमेकांच्या आड येतो, आणि कुणीतरी "अहो, हा 'ज' आहे, 'ल' नाही" म्हणून ओरडतं, तेव्हा कागद जसा उलगडतो तसा तो एकट्याने उलगडत नाही.

अशा वर्गाला फारसं काही लागत नाही. आठवड्यातली एक संध्याकाळ, दिवे असलेली एक खोली, शिकवणारं एक माणूस, आणि दाराशी वय न विचारण्याचं भान. आपल्या गावात वाचनालय असेल तर तिथल्या कार्यवाहांना भेटा आणि मोडीचा वर्ग सुरू करा म्हणून सांगा. घरातल्या पेटीत जुना कागद असेल तर त्याला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. नीट छायाचित्र काढा आणि ते घेऊन वर्गाला या. येताना घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला आणि सगळ्यांत धाकट्या शाळकरी मुलाला बरोबर आणा. तुमचा कागद त्या दोघांनी मिळून वाचायचा आहे.