जुन्या रंगाची बाजू मी सोडली

जुन्या लाकडावरच्या रंगाला हात लावायचा नाही, हे माझं अनेक वर्षांचं ठाम मत होतं. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टला आल्यापासून मी भिंतीवर टांगायची किनाऱ्याची चित्रं करते. होड्या, मासळी, सिंधुदुर्गाचा तट, रापण ओढणारी माणसं. लाकूड सगळं पाडकामातलं: दारांच्या फळ्या, तुळया, मोडीत निघालेल्या बोटींचे तुकडे. पोपडे आलेला निळा रंग मिळाला की तोच माझा समुद्र. लाकडानं काय सोसलंय ते त्या पोपड्यांत वाचता येतं, असं मी शिकायला येणाऱ्यांनाही पोटतिडकीनं सांगत असे. आता मी तो रंग पार काढून टाकते.

जुन्या मताला भक्कम आधार होता. आमच्या उत्तरेला, एइन्डहोवनला, पीट हाइन एइक यांनी 1990 साली पदवीसाठी भंगार लाकडाचं कपाट केलं. तुकडे जुन्या रंगासकट जोडले आणि वर लॅकरचे हात दिले. टाकाऊ फळीला डच दिवाणखान्यात मान मिळाला त्यात या कामाचा वाटा मोठा आहे. ते मला आजही आवडतं.

माझं मत पहिल्यांदा हललं ते शिशामुळे. तपासणीची काडी एका सुंदर हिरव्या फळीवर घासली आणि तिचं टोक लालसर गुलाबी झालं. जुन्या तैलरंगांत शिसं सर्रास असे; भारतात घरगुती रंगांसाठी 90 पीपीएमची मर्यादा लागू झाली ती 2017 मध्ये. बोटीच्या तळाचा रंग तर शेवाळ आणि शिंपले मारण्यासाठीच बनवलेला. त्यातलं ट्रायब्युटिलटिन इतकं घातक की जहाजांच्या रंगात ते वापरायला 2008 पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे. असल्या फळीवर रंधा मारणं म्हणजे विषाची धूळ उडवणं, म्हणून ती मी घेतच नाही. पण उरलेल्या, निर्धोक फळ्यांवरचा रंग तरीही ठेवता आला असता. तो काढायला लागले त्याचं कारण वेगळं आहे.

टेक्सेल बेटावर औडेस्खिल्ड गावात काप स्किल नावाचं सागरी संग्रहालय आहे. वेंगुर्ल्याला वखार घालणाऱ्या डच कंपनीची जहाजं याच बेटाच्या आडोशाला वाऱ्याची वाट पाहत थांबायची. संग्रहालयाची 2011 ची इमारत उभ्या लाकडी पट्ट्यांनी मढवलेली आहे. नॉर्थ हॉलंड कालव्याच्या काठाला आधार देणाऱ्या जुन्या कठीण लाकडाच्या फळ्या उपसून, करवतीनं चिरून त्या पट्ट्या केल्या. चिरताना आतलं ताजं लाकूड उघडं पडलं आणि उन्हापावसानं ते पुन्हा करडं होत गेलं. मी त्या भिंतीसमोर उभी होते आणि मला स्वच्छ कळलं की ज्या करडेपणाला मी इतिहास म्हणत होते, तो उन्हापावसाचा परिणाम आहे. काल लावलेली फळीसुद्धा थोड्या वर्षांत तशी दिसेल. रंगाचा पोपडा तर लाकडाचा नव्हेच, शेवटचा ब्रश ज्यानं फिरवला त्याचा.

मालवणला माझे मामा होड्यांचं सुतारकाम करायचे. पावसाळ्याआधी वर ओढलेल्या होडीचा रंग मी कौतुकानं बघत बसले की म्हणायचे, "रंग काय बघतंस? आतला लाकूड बघ." ते फळीवर बोटाचं पेर वाजवून ऐकायचे. माशाचं तेल कुठवर मुरलंय, खिळ्याभोवती गंज किती शिरलाय, ऐनाचं लाकूड कुठे दमलंय, सगळं त्यांना त्या आवाजात कळायचं.

सध्या माझ्या टेबलावर झेलंडच्या किनाऱ्यावरच्या एका ओकच्या खांबातून कापलेली फळी आहे. तिथे लाटांचा जोर मोडायला असे खांब रांगेनं ठोकतात. वरचा थर उतरल्यावर लोखंडी खिळ्याभोवती निळसर काळा डाग निघाला. ओकमधलं टॅनिन आणि लोखंड मिळून तो होतो, आणि रंधा मारूनही सहजासहजी जात नाही. त्याच्या शेजारी जहाजकिड्याची भोकं, आतून पांढऱ्या चुन्यासारख्या अस्तराची. हा किडा खरं तर शिंपल्याच्या जातीचा. 1730 च्या दशकात त्यानं डच बांधांचं लाकूड असं पोखरलं की पुढे समुद्राकडची बाजू दगडानं बांधावी लागली. फळीच्या पोटात हे सगळं आहे, आणि मी त्यावरच्या निळ्या पापुद्र्याला जपत बसले होते! या फळीवर मी रापण करतेय. डाग म्हणजे किनाऱ्यावरचा खडक, भोकांची रांग म्हणजे जाळ्याचे तरंगते बोये. लाटा काढाव्या लागल्या नाहीत, त्या ओकच्या रेषांतच होत्या.

समुद्रापासून दोनेकशे किलोमीटर आत बसून किनाऱ्याची चित्रं कशाला, असं कुणी विचारतं तेव्हा मी आमच्या सिंट पीटर्सबेर्ख टेकडीकडे बोट दाखवते. तिचा पिवळसर चुनखडक म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रतळ. मोसासॉर हा प्रचंड सागरी सरडा तिथेच सापडला. दगड इतका मऊ की खाणकामगार तो करवतीनं कापत. या गावाचा समुद्रही कापल्यावरच दिसला.

माझी जुनी चित्रं ज्यांच्या भिंतींवर आहेत त्यांच्या फळ्या मी आता शिशासाठी तपासून देते. ते मला माझं कामच वाटतं. निळे पोपडे हवेत म्हणणारी माणसं अजूनही येतात. त्यांच्यासमोर मी त्याच फळीचा एक कोपरा रंधा मारून दाखवते, तेलाचं बोट फिरवते आणि म्हणते, आता ठरवा.